तुकडा न काढता: एका माळकरी कंडक्टरच्या यकृताचं निदान

हर्नियाच्या ऑपरेशनआधी फिटनेसचा कागद हवा म्हणून काका माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या यकृताची काळजी कुणालाच नव्हती. त्यांना नव्हती, सर्जनना नव्हती आणि मलाही नव्हती. वय ५७. एसटीत कंडक्टर, निवृत्तीला वर्ष बाकी. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात ते माझे जुने रुग्ण, नऊ वर्षांपासून मधुमेही. गळ्यात तुळशीची माळ. रजा मिळेल त्या वर्षी पायी वारी. सर्जननी चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली होती: 'प्लेटलेट थोड्या कमी आहेत, पाहून फिटनेस द्यावा.'

प्लेटलेट होत्या १ लाख ४८ हजार. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा दीड लाख छापलेली असते, म्हणजे कमतरता फक्त दोन हजारांची. एवढ्यासाठी कुणी ऑपरेशन अडवत नाही आणि मीही अडवलं नसतं. पण ताप नाही, डेंगी नाही, प्लेटलेट कमी करणारं औषध नाही, मग त्या उतरल्या का, एवढा एक प्रश्न मनात राहिला. पुढचं सगळं त्या प्रश्नातून निघालं. काकांच्या परवानगीने ते इथे मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

पिशवीतले कागद

आमच्याकडे जुने रुग्ण फाइल आणत नाहीत, पिशवी आणतात. काकांची पिशवीही तशीच होती. त्यात नऊ वर्षांचे साखरेचे रिपोर्ट, मध्येच चष्म्याचा नंबर आणि दोन वर्षांपूर्वीची एक सोनोग्राफी. त्या सोनोग्राफीत लिहिलं होतं, 'ग्रेड १ फॅटी लिव्हर. प्लीहा १२.४ सेंमी.' त्याच कागदाच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात एक ओळ होती: 'फॅटी लिव्हर. तेल-तूप कमी, चालणे.'

म्हणजे हा कागद माझ्या हाताखालून गेला होता. तेव्हा एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, ३६ होतं. ते नॉर्मल, ग्रेड सगळ्यात खालची, म्हणून मी पुढे गेले. आज मागे वळून पाहताना मला ती ओळ बोचते, कारण त्याच दिवसाच्या रक्ताच्या रिपोर्टात पुढचं बरंच काही लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं.

त्या दिवशी टेबलावर तीन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. पाच वर्षांपूर्वी एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) ३८, एसजीपीटी ४१, प्लेटलेट १ लाख ९२ हजार. दोन वर्षांपूर्वी एसजीओटी ४२, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ६६ हजार. आणि आता एसजीओटी ४६, एसजीपीटी ३४, प्लेटलेट १ लाख ४८ हजार. एकेका कागदावर पाहिलं तर भीती वाटावी असा एकही आकडा नाही. तिन्ही एकत्र पाहिले की मात्र दिशा दिसते.

नुसत्या चरबीच्या यकृतात सहसा एसजीपीटी वरचढ असतं आणि एसजीओटी मागे. यकृतात वण वाढत गेले, म्हणजे फायब्रोसिस पुढे सरकला, की हे पारडं फिरतं. एसजीपीटी खाली येतं, अगदी नॉर्मलमध्येही येतं, आणि एसजीओटी पुढे निघून जातं. काकांचं पारडं या पाच वर्षांत फिरलं होतं. प्लेटलेटचंही तसंच. वणांनी घट्ट झालेल्या यकृतातून रक्त नीट जात नाही, मागे प्लीहेत तुंबतं. प्लीहा वाढते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट तयार करायचा निरोप अस्थिमज्जेला देणारं थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः यकृतातच बनतं, तेही कमी पडू लागतं. दीड लाखाच्या आसपासची प्लेटलेट म्हणजे कधी कधी यकृताचीच तक्रार असते, रक्ताच्या कागदावर उमटलेली.

काकांनी केलेला गुणाकार

वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार गोष्टी एकत्र करून एक आकडा काढतात, त्याचं नाव फिब-४. २००६ मध्ये तो आधी एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी मांडला गेला. पुढे फॅटी लिव्हरसाठीही त्याचा उपयोग सिद्ध झाला. वयाला एसजीओटीने गुणायचं. मग प्लेटलेट हजारात घेऊन तिला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचं. झालं.

मी मोबाइल काढत होते. काका म्हणाले, "सांगा की आकडे." तिकिटांचा ट्रे आणि पंच घेऊन नोकरी सुरू केलेला माणूस. मी म्हणाले, सत्तावन्न गुणिले शेहेचाळीस. "दोन हजार सहाशे बावीस." वर्गमूळ मी सांगितलं, ५.८३. त्याला १४८ ने गुणलं की ८६३. आणि भागाकार आला ३.०४.

मग आम्ही जुन्या दोन्ही रिपोर्टांचं गणित केलं. पाच वर्षांपूर्वी १.६१, दोन वर्षांपूर्वी २.३२, आता ३.०४.

फॅटी लिव्हरमध्ये हा आकडा १.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस असण्याची शक्यता बरीच कमी. २.६७ च्या वर असेल तर ती शक्यता गंभीरपणे घ्यायची. मधला असेल तर दुसरी तपासणी करायची. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच काका दुसऱ्या तपासणीच्या रांगेत होते. त्यासाठी नवा खर्च लागला नव्हता, कारण ते रक्त मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत काढलेलंच होतं. कुणी गुणाकार केला नव्हता.

या आकड्याच्या मर्यादा माहीत नसतील तर तो घात करतो, हेही सांगायला हवं. त्यात वय थेट गुणलं जातं, म्हणून पासष्टीच्या पुढे तो आपोआप फुगतो. त्या वयात खालची मर्यादा १.३ ऐवजी २.० धरतात. पस्तिशीच्या आत तो खोटाच कमी येऊन फसवू शकतो. डेंगीत प्लेटलेट घसरल्या असताना किंवा काविळीत एसजीओटी शेकड्यांत असताना हे गणित करूच नये. आणि माझ्या मते त्याचं खरं काम 'हा रुग्ण घरी जाऊ शकतो' हे सांगण्याचं आहे. जास्त आला म्हणजे निदान झालं असं नाही, पुढचं दार उघडलं एवढंच.

म्हणून आधी प्लेटलेटच परत तपासल्या. नळीतल्या रसायनामुळे कधी प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन त्या कमी मोजतं, तेव्हा काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्याने पाहायला सांगितलं. पुंजके नव्हते. १ लाख ४६ हजार. अल्ब्युमिन ३.९, बिलिरुबिन ०.९, आयएनआर १.१, म्हणजे यकृत आपलं काम अजून व्यवस्थित करत होतं. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.९, ट्रायग्लिसराइड २१२. वजन, मधुमेह आणि अल्ब्युमिनही धरणारा दुसरा हिशेब असतो, एनएएफएलडी फायब्रोसिस स्कोअर, तोही ०.७७ आला. ०.६७६ च्या वर तो धोक्याचा.

"माळ हाय गळ्यात"

यकृतात वण असू शकतात, हे मी काकांना जपून सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हात माळेकडे गेला. "मॅडम, माळ हाय गळ्यात. आजवर थेंबाला शिवलो न्हाई."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यावर थांबावंसं वाटतं. आमच्या भागात 'लिव्हर गेलं' याचा एकच अर्थ लावला जातो. काकांच्या थोरल्या भावाला मधुमेह होता. पोटात पाणी होऊन ते गेले. तेही माळकरीच. पण गावात कुजबुज झाली की चोरून घेत असणार, त्याशिवाय लिव्हर कसं जाईल. काकूंनी हे सांगितलं तेव्हा काका खिडकीबाहेर बघत होते. त्या थोरल्या भावाला नेमकं काय झालं होतं हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण त्याची बदनामी अजून घरात राहते आहे.

त्यातच रेफरन्सच्या कागदावर मी सवयीने 'नॉन-अल्कोहॉलिक फॅटी लिव्हर डिसीज' लिहिलं. काकांच्या मुलाने ते वाचून दाखवलं, आणि काका म्हणाले, "अल्कोहोल कशाला लिवलं?" त्यांना 'नॉन' ऐकू आलं नव्हतं, आणि गावातही ते कुणाला ऐकू आलं नसतं. नावातलं हे 'नॉन-अल्कोहॉलिक' १९८० पासून चालत आलेलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी दारू न पिणाऱ्या वीस रुग्णांच्या यकृताचं वर्णन केलं, तपासायला काढलेल्या यकृताच्या तुकड्यांत दारुड्याच्या यकृतासारखे बदल दिसत होते. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी नाव बदललं. आता या आजाराला मॅसल्ड म्हणतात, म्हणजे चयापचयाच्या बिघाडातून आलेला चरबीचा यकृतविकार. नाव बदलण्यामागे जी कारणं होती त्यांत रुग्णाला लागणारा कलंक हे एक होतं. मी तो कागद फाडून नवा लिहिला. वेळ लागला दोन मिनिटं. काकांनी तो घडी घालून खिशात ठेवला, पिशवीत नाही.

दारू नाही हे मान्य केल्यावर बाकीची कारणं शोधणं आलंच. हेपॅटायटिस बी आणि सी, दोन्ही निगेटिव्ह. थायरॉइड ठीक. लोह ठीक. मेथोट्रेक्सेट, अमिओडॅरोनसारखी यकृताला इजा करू शकणारी औषधं कधी नाहीत. मी मुद्दाम काढ्यांबद्दल विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या की कोरोनात सहा-सात महिने गुळवेलीचा काढा रोज दोघंही घेत होते. हा प्रश्न सगळ्यांना विचारावा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्या इजेचं रूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला करण्याच्या आजारासारखं, ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं होतं. अशा आजाराची खूण शोधणारी रक्ततपासणी, एएनए, काकांची किंचित पॉझिटिव्ह आली, १:८०. इथे मी थोडी घाबरले, कारण ऑटोइम्यून आजाराची खरी शंका असेल तर बायोप्सी, म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढण्यावाचून गत्यंतर नसतं. पण आयजीजी, म्हणजे त्या आजारात वाढणारी प्रतिपिंडं, १२४० होतं, नॉर्मल. काढा बंद होऊन काही वर्षं झाली होती. एसजीपीटी शांत होतं. फॅटी लिव्हरच्या बऱ्याच रुग्णांत एएनए असा हलका पॉझिटिव्ह सापडतो. पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलून आम्ही तो बाजूला ठेवला.

पोह्यांनी बिघडवलेला रिपोर्ट

आता फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी. बरगड्यांच्या फटीत, उजव्या बाजूला, मशीनचं टोक टेकवतात. ते टोक एक हलका टिचका मारतं. त्या टिचक्याने यकृतात एक लाट निघते आणि अल्ट्रासाउंड त्या लाटेचा वेग मोजतं. मी रुग्णांना वाळवणाच्या दोरीचं उदाहरण देते. दोरी ढिली असेल तर एका टोकाला झटका दिला की लाट रेंगाळत जाते. ताणलेली असेल तर क्षणात दुसऱ्या टोकाला. यकृत जितकं घट्ट तितकी लाट वेगात. तो वेग किलोपास्कलमध्ये बदलून छापतात. ५ किलोपास्कलच्या मऊ यकृतात लाट सेकंदाला सुमारे १.३ मीटर जाते. दुखत नाही, भूल नाही, दहा मिनिटांत माणूस उठून शर्ट घालतो. आमच्या गावात मशीन नाही, सोलापूर गाठावं लागतं.

काका सकाळच्या गाडीने निघाले, स्टँडवर पोहे आणि दोन चहा घेतले, तासाभराने टेबलावर झोपले. रिपोर्ट आला २१.४ किलोपास्कल, आणि खाली ठळक अक्षरांत 'एफ-४, सिरोसिस', म्हणजे फायब्रोसिसचा शेवटचा टप्पा. तो फोटो मोबाइलवरून मुलाकडे गेला, तिथून चार नातेवाइकांकडे गेला. रात्री काकूंचा फोन, आवाज कापत होता.

रिपोर्टात दोन आकडे पाहायचे असतात आणि लोक पहिलाच पाहतात. दुसरा आकडा सांगतो की दहा वेळा मोजताना ती दहा मोजमापं एकमेकांशी किती जुळली. तो फरक मधल्या आकड्याच्या ३० टक्क्यांच्या आत हवा. काकांचा ३८ टक्के होता. म्हणजे मोजणीच डळमळीत. त्यात पोट भरलेलं. जेवल्यावर आतड्याकडून यकृताकडे रक्ताचा ओघ वाढतो, त्या दाबाने यकृत तात्पुरतं घट्ट भासतं. निदान तीन तास काही खाल्लेलं नसावं, हे तपासणी लिहून देतानाच सांगायचं असतं. मी काकांना सांगायला विसरले होते. त्यांच्या घरातली ती रात्र माझ्या विसरण्यामुळे तशी गेली, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. (हृदय कमजोर असेल, कावीळ असेल, पित्तनळी अडली असेल, तरीही हा आकडा असाच फुगतो. काकांची इको तपासणी आधीच झाली होती, ती ठीक होती.)

दहा दिवसांनी पुण्यात, उपाशीपोटी, थोडा वेळ शांत पडून राहिल्यावर परत केली. १४.६ किलोपास्कल, फरक १३ टक्के. काकांच्या यकृतात लाट सेकंदाला २.२ मीटरने धावत होती.

फॅटी लिव्हरमध्ये ८ च्या आत असेल तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस बहुधा नाही. १२ च्या वर असेल तर धोका मोठा. १० ते १५ म्हणजे यकृत काम अजून निभावतंय, पण जुनाट यकृतविकार बराच पुढे गेलाय, अशी शंका. १५ च्या वर ती जवळपास खात्री. रक्तातले दोन हिशेब आणि ही लाट अशा तीन वेगवेगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोचल्या होत्या. त्याच मशीनवर चरबीही मोजली जाते, त्या आकड्याला कॅप म्हणतात. काकांची कॅप २६२ होती, म्हणजे चरबी फार नाही. वण मात्र पुष्कळ.

ग्रेड २ चा मुलगा

पुण्याला त्यांना घेऊन गेला होता त्यांचा मुलगा. वय ३३, हिंजवडीत नोकरी. त्याची गोष्ट इथे आणायचं कारण असं की वर्षभर या घरात यकृताचा रुग्ण म्हणून तोच गणला जात होता. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये त्याला 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' निघालं होतं, एसजीपीटी ८८. काकू मला त्याच्याबद्दलच विचारायच्या. इंटरनेटवरून मागवलेली लिव्हर डिटॉक्सची पावडर तो तीन महिने घेत होता, ती मी आधी बंद करायला लावली. पस्तिशीच्या आतला, तेव्हा फिब-४ वर विसंबणं बरोबर नव्हतं. वडिलांचा निकाल असा असताना मुलाचं थेट मोजणंच योग्य, कारण हा आजार घराण्यात चालतो. त्याच टेबलावर, त्याच सकाळी, त्याचीही तपासणी झाली. कॅप ३१८, चरबी भरपूर. घट्टपणा ५.१.

ग्रेड १ च्या बापाचं यकृत सिरोसिसच्या उंबरठ्यावर, आणि ग्रेड २ च्या मुलाचं यकृत मऊ.

सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा किती पांढरं दिसतं आणि आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा किती झाकल्या जातात, याचा डोळ्यांनी केलेला अंदाज. दोन रेडिऑलॉजिस्टमध्ये फरक पडू शकतो. साधारण २० ते ३० टक्के चरबी असल्याशिवाय ती तिथे नीट दिसतही नाही. आणि ती ग्रेड फक्त चरबीची असते. वणांविषयी ती काहीच बोलत नाही. उलट वण वाढत गेले की चरबी ओसरू लागते, तेव्हा ग्रेड उतरते आणि घरात सगळ्यांना वाटतं की सुधारणा झाली. 'ग्रेड १ म्हणजे काही नाही, सगळ्यांनाच असतं' हे वाक्य दवाखान्यांत रोज बोललं जातं. मीही बोलले आहे. आता बोलत नाही.

काकांचं वजन ६७ किलो, उंची १६३ सेंमी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५.२. दिसायला सडसडीत म्हणावेत असे, फक्त पोट पुढे. कंबर ९७ सेंमी. आपल्याकडे पुरुषाची ९० च्या वर गेली की धोका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार नेमकेपणाने दाखवून दिलं आहे. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं स्वतःचं आणि ब्रिटनमधल्या जॉन युडकिन यांचं शेजारी उभं राहिलेलं छायाचित्र छापलं गेलं. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेल्या पाहणीतही, २०१० साली, फॅटी लिव्हर सापडलेल्या बहुतेकांचा बीएमआय २५ च्या आत निघाला होता. 'मी कुठे जाड आहे' हे काकांचं म्हणणं वजनकाट्यापुरतं खरं होतं.

तुकडा का काढला नाही

बायोप्सी करायची का, हा प्रश्न मुलाने विचारला आणि तो रास्त होता. शेवटी यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हीच इतकी वर्षं कसोटी मानली गेली. पण त्या सुईत जो तुकडा येतो तो अख्ख्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग असतो. वण यकृतात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. दोन ठिकाणाहून घेतलेले तुकडे एकाच माणसाला दोन वेगळ्या टप्प्यांत बसवू शकतात. दुखणं होतं, क्वचित रक्तस्राव होतो, आणि दहा हजारांत एखाद्याचा जीवही जातो. ज्या उत्तराने उपचार बदलणार आहे त्यासाठी हे सगळं पत्करावं. काकांच्या बाबतीत बदलणार नव्हतं. आयजीजी वाढलेलं असतं, एसजीपीटी दोनशे असतं, किंवा फिब-४ एक सांगतो आणि फायब्रोस्कॅन दुसरं असं झालं असतं, तर मी स्वतः आग्रह धरला असता. मोठ्या शहरात एमआर इलॅस्टोग्राफीही, म्हणजे एमआरआयवर घट्टपणा मोजणारी तपासणी, होते, ती यकृताचा मोठा भाग मोजते आणि फार जाड माणसांत अधिक भरवशाची असते. खर्च आणि गरज दोन्ही पाहता इथे ती नको होती.

एक दुर्बीण मात्र टळली नाही. अन्ननलिकेत फुगलेल्या रक्तवाहिन्या आहेत का हे पाहण्यासाठी एंडोस्कोपी करतात. घट्टपणा २० च्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर ती सोडून देता येते, असा इटलीतल्या बाव्हेनोच्या तज्ज्ञ-बैठकीतला नियम आहे. काकांची पहिली अट पुरी झाली, दुसरी चार हजारांनी हुकली. हर्नियाचं ऑपरेशन तोंडावर होतं, तेव्हा आम्ही पळवाट शोधली नाही. फुगलेल्या वाहिन्या नव्हत्या. त्यानंतर महिनाभराने हर्नियाचं ऑपरेशन झालं, काही त्रास न होता.

नऊ महिन्यांनंतर

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण ही नोंद निदानाची आहे. साखरेची औषधं बदलली, वजनालाही मदत करतील अशी निवडली. कोलेस्टेरॉलची गोळी 'लिव्हरला वाईट' म्हणून कुणीतरी बंद करायला सांगितली होती, ती परत सुरू केली. या अवस्थेत ती चालते आणि हृदयासाठी लागतेच. हेपॅटायटिस बीची लस दिली. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी, यकृताच्या कर्करोगावर नजर ठेवण्यासाठी. खाण्यात सगळ्यात मोठी गोष्ट निघाली ती चहा. ड्युटीवर दिवसाला आठ-नऊ कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. तूप कमी करा म्हणून मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, चहाचं विचारलंच नव्हतं. आता बिनसाखरेचे दोन. एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, तीही बेताने.

नऊ महिन्यांत वजन ६२ वर आलं, म्हणजे साडेसात टक्के कमी. एचबीए१सी ६.९. एसजीओटी ३४, एसजीपीटी २९, प्लेटलेट १ लाख ५५ हजार. वाढदिवस होऊन गेल्यामुळे वय ५८ धरलं, तरी फिब-४ २.३६. फायब्रोस्कॅन, अर्थात उपाशीपोटी, ११.२. यातली किती घट वण विरघळल्यामुळे आणि किती सूज उतरल्यामुळे, हे हा आकडा वेगळं करून सांगत नाही. म्हणून सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच आहे, आणि 'बरे झालात' हा शब्द मी वापरलेला नाही.

२०२१ पासून केंद्र सरकारने फॅटी लिव्हरला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं आहे. आमच्या दवाखान्यात आता प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या कार्डावर एचबीए१सीच्या शेजारी फिब-४ चा रकाना आहे. तो रकाना भरायला मिनिटभर लागतो.

गेल्या महिन्यात काका पुतण्याला घेऊन आले, त्या थोरल्या भावाच्या मुलाला. वय ४६, दोन वर्षांपासून साखर. पुतण्याच्या हातात नवे रिपोर्ट होते. काकांच्या हातात एसटीच्या जुन्या तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने केलेलं गणित होतं. सेहेचाळीस गुणिले एक्केचाळीस, अठराशे शहाऐंशी. बावन्नचं वर्गमूळ मुलाला फोन करून विचारलेलं, ७.२१. खाली रेघ, आणि रेघेखाली १.४२.

"एक पूर्णांक तीनच्या वर हाय न्हवं?" ते म्हणाले.

मी पुतण्याला फायब्रोस्कॅनची चिठ्ठी लिहून दिली. काकांनी ती हातात घेतली, वाचली, आणि पेन्सिलीने तिच्यावर स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: 'उपाशी जाणे.'